सरांचं एक मत

बिभीषण सरांना वस्तीवर 'काय-म्हणणं सर' म्हणतात. तोंडावर नाही, मागं. पण वस्तीच एवढीशी, की मागं बोललेलं संध्याकाळपर्यंत तोंडावर येतं. त्यामुळं सरांना ते माहीत होतं. त्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं.

नांदूरघाटहून आत वळलं की डांबर संपतं, तिथून पुढं माळावर त्यांची शाळा. जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. तीन खोल्या, एक पत्र्याचं शेड, खिचडीची खोली, एक बोअर आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक हौद. बाकीचे दोन मास्तर केजहून मोटारसायकलवर ये-जा करतात. बिभीषण सर तेवढे वस्तीवरच राहतात, भागवत आप्पाच्या मळ्यातल्या खोलीत. मूळचे सिरसाळ्याकडचे. बायको, मोहिनीताई, बीडला दवाखान्यात नर्स. सुट्टीला कधी सर तिकडं जातात, कधी त्या इकडं येतात.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. मी नववीत शाळा सोडलेली बाई. पुढचं जे काही शिकले ते तहसीलच्या पायऱ्यांवर, आरडून. आमच्या संघटनेकडं तक्रार आलती, की ऊसतोडीला गेलेल्या लेकरांची नावं शाळा पटावरून उडवते. मी दारातूनच सुरू केलं. सरांनी खुर्ची पुढं केली, स्वतः स्टुलावर बसले आणि म्हणाले, 'ताई, तुमचं काय म्हणणं?'

मी सगळं बोलले. आईबापासहित बोलले. माणूस मधे एक शब्द बोलला नाही. मी थांबले तर म्हणाले, 'आणखी?'

'आणखी काही न्हाई.'

'मग मी बोलू का?'

आता अशा माणसाशी भांडायचं कसं, सांगा. नावं उडवलेली नव्हती, ती तक्रार दुसऱ्याच शाळेची निघाली. मी माफी मागितली नाही. त्यांनीही वाट बघितली नाही. चहा झाला.

मग मी त्या वाटेनं गेले की शाळेत डोकवायला लागले. एकदा विचारलं, 'सर, हे म्हणणं विचारायचं खूळ कुठून लागलं तुमाला?' ते म्हणाले, त्यांना स्वतःला कधी कुणी विचारलंच नव्हतं. सायन्सला घाला, हे वडलांनी ठरवलं. डी.एड. कर, हे चुलत्यानं. लग्नाची तारीख सासऱ्यानं. 'मला पहिल्यांदा काही विचारलं ते निवडणुकीच्या खोलीत, ताई. तेबी कसं? बोट पुढं करा.' हसले. नंतर मास्तर झाल्यावर त्यांनाच त्या खोलीत ड्युटी लागली. तिथं एक म्हातारी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली ती बाहेरच येईना. मागं रांग ओरडत होती. सर म्हणाले, 'तिच्या हयातीत तिला कुणी घाई करू शकत न्हाई आसा तेवढाच एक कोपरा आसंल. मी म्हनलं, शाळेत आसा कोपरा पाहिजे.'

त्या कोपऱ्यातून सभा निघाली.

दर शनिवारी परिपाठ झाला की शेडमध्ये पोरं गोल करून बसायची. अध्यक्ष पोरांतलाच, महिन्याला नवा. ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा. सर गोलाच्या बाहेर नाही, गोलातच, मांडी घालून. तेही हात वर करायचे आणि अध्यक्ष 'बोला सर' म्हणेपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. एकदा पाचवीतल्या एका द्वाड अध्यक्षानं त्यांना मुद्दाम तसंच ठेवलं. पोरं तोंडं दाबून हसतायत, सरांचा हात आपला वरच.

मतदान खिचडीच्या खोलीच्या दाराआड. तिथं दोन गाडगी. एकाला चुना फासलेला, एक काळं. चुन्याचं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. ज्याला त्याला एकच चिंचोका. सरांनाही एकच.

हसू नका, त्या चिंचोक्यांनी लई कामं केली. सरांचा मोबाईल तासाला खिचडीच्या खोलीत ठेवायचा, हे सभेनं ठरवलं, सरांनी ठेवला. छडी बंद. ती केजवाल्या मास्तरांनाही बंद झाली, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण केली. खिचडीच्या पंगतीत वस्तीवरची एकीकडं, खालच्या आळीची दुसरीकडं, तोडीहून परत आलेली कुठं तरी टोकाला, असं पूर्वीपासून चाललेलं. सभेनं ठरवलं, हात धुवून जो जसा येईल तो तसा बसेल. गावातून माणसं आली सरांकडं. सर म्हणाले, 'पोरांचा ठराव हाय, पोरांशी बोला.' माणसं शेडमध्ये जाऊन अकरा-बारा वर्षांच्या पोरांपुढं उभी राहिली आणि काय बोलावं ते न सुचून परत गेली. मी ते डोळ्यानं बघितलंय. माझ्या एवढ्या मोर्च्यांतून जे झालं नाही ते तिथं झालं.

सभेचे नियमही पोरांचेच. एक साहेब आले होते, ते कौतुकानं बोलायला लागले ते सुट्टीची घंटा होईपर्यंत. पुढच्या शनिवारी नियम झाला: पाहुण्यांना सभेत बोलता येणार नाही. आणि एकदा खडू कुणी चोरले यावर पोरं दुपारपर्यंत बसून राहिली, कुणी कबूल होईना. तेव्हा दुसरा नियम: ज्या प्रश्नाला उत्तर येत नाही तो सोडून द्यायचा आणि पुढचा विषय घ्यायचा. दोन्ही नियम मला तेव्हा लई शहाणपणाचे वाटले.

वर्षाराणी या शाळेत आली ती जूनमध्ये, सहावीत. तिचा बाप म्हाळू आणि आई रतनबाई मेंढरांवाले. भागवत आप्पानं त्यांना रानात बसवलेलं. मेंढरं रात्री वावरात बसतात, लेंड्या पडतात, वावराला खत होतं, आणि त्याबदली आप्पा धान्य देतो, असा व्यवहार. एरवी ही माणसं दर थोड्या दिवसांनी जागा बदलतात. पोरीचं नाव कितीतरी शाळांच्या पटावर होतं आणि ती एकाही शाळेत नव्हती. यंदा रतनबाईनं हट्ट धरला. पोरीचं एक वर्ष तरी एका जागी होऊ द्या म्हणाली. म्हाळूनं आप्पाशी वर्षाचं बोलून घेतलं.

सरांनी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं, 'वर्षाराणी, तुझं काय म्हणणं?'

ती म्हणाली, 'आईला इचारून सांगते.'

दिवाळीपर्यंत तिला कुणाला विचारायची गरज राहिली नव्हती. थंडीत आप्पाची विहीर तळाला गेली. मेंढरांना पाणी नाही म्हटल्यावर म्हाळू हलायची भाषा करायला लागला. तेव्हा तिनं सभेत हात वर केला. शाळेच्या बोअरला पाणी आहे, हौद भिंतीबाहेर आहे, मेंढरांना पिऊ द्या. पोरांनी चुन्याचं गाडगं भरलं. मेंढरं हौदावर यायला लागली. पोरं भिंतीवर चढून त्यांना एकेक नाव द्यायची. एका मेंढ्याचं नाव केजवाल्या मास्तरांचं ठेवलं होतं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

फाल्गुनात ती अध्यक्ष झाली. गळा असा, की पार ओढ्यापलीकडची मेंढरं वळतील. त्या गळ्यानं ती 'शांत बसा' म्हणायची, तेव्हा मीसुद्धा गप बसायचे.

आता झाडांचं. पावसाळ्यात सभेनं झाडं लावली होती. शेवगा, आवळा, बदाम, कडुलिंब. प्रत्येकाचं एक, प्रत्येकानं आपल्या बाटलीत उरलेलं पाणी घालून जगवलेलं. वर्षाराणीचा आवळा होता. धुळवडीच्या सुट्टीला कुणी तरी शाळेच्या मैदानात क्रिकेट खेळलं आणि फाटक उघडं टाकून गेलं. दुपारी मेंढरं हौदावर आली. म्हाळू बाभळीखाली आडवा झालेला. फाटकातून कळपातली शेरडं आत शिरली, मागनं मेंढरं. सकाळी पोरं आली तेव्हा नुसते बुडखे उभे होते. आवळासुद्धा.

रतनबाईचा फोन आला. 'अक्का, शनवारी सभंत आमचा इषय हाय म्हन. तू येऊन बस. तुला बोलता येतं.'

मी गेले. तयारीनं गेले.

शेडमध्ये पोरं बसली होती, आणि अशी गप बसलेली मी त्यांना कधी पाहिली नव्हती. वर्षाराणी अध्यक्षाच्या जागी. बाजूला सर. मी भिंतीला टेकले. अभिमन्यू उठला. सातवीतला, भागवत आप्पाचा नातू, थोराड पोरगा, बोलायला पक्का.

'माझा ठराव आसा हाय. मेंढरांना हौदावर पानी बंद. झाडांना बोलता येत न्हाई. ज्याला बोलता येत न्हाई त्याच्या बाजूनं आपुन बोलायचं, हे या सभंतच ठरलंय.'

दुसरीतली धनश्री म्हणाली, 'मग मेंढरं कुठं पेतील?'

'नदीला.'

'नदीला पानी न्हाई.'

'मग त्यांचं त्यांनी बगावं की. आमच्या झाडांचं बगितलं का त्यांनी?'

मागून कुणी तरी हसलं. मी हात वर केला. मला सगळे ओळखतात, मी त्यांच्या घरात जेवलेय. वर्षाराणीनं माझ्याकडं बघितलं.

'पाहुण्यांना बोलता येत नाही,' ती म्हणाली.

'अगं पोरी, मी तुझ्याच बाजूनं...'

'अक्का, नियम हाय. हात खाली घ्या.'

तालुक्यात मला हात खाली घ्यायला लावलेला माणूस दाखवा. मी घेतला.

सरांचा हात वर गेला. ती म्हणाली, 'बोला सर.'

'धुळवडीला फाटक कुणी उघडं ठेवलं?'

 पोरं एकमेकांकडं बघत होती, म्हणजे माहीत होतं. सरांनाही माहीत असणार, मळ्यातली त्यांची खोली मैदानाला लागूनच. पण त्यांनी नावं घेतली नाहीत. थांबून राहिले. पत्र्यावर ऊन तापून टकटक वाजत होतं. वर्षाराणीनं बराच वेळ दिला. मग म्हणाली, 'उत्तर आलं नाही. प्रश्न सोडला. पुढं.'

सरांनी परत हात वर केला. 'एवढंच सांगतो. पाणी बंद झालं तर मेंढरं इथून हलणार. मेंढरं हलली तर आपल्या अध्यक्षांची शाळा सुटणार. हे डोक्यात ठेवून मत टाका.'

अभिमन्यू लगेच उठला. 'सर, हे माणूस बगून मत मागनं झालं. तसं चालत न्हाई. तुमीच म्हनलता.'

सगळे अध्यक्षांकडं बघायला लागले. ती मान खाली घालून नव्हती. सरळ बघत होती.

'अभिमन्यूदादाचं बरोबर हाय,' ती म्हणाली. 'सर, खाली बसा.'

सर बसलेलेच होते. त्यांनी हात तेवढा मांडीवर ठेवला.

एकेक पोरगं दाराआड जाऊन आलं. सर गेले. शेवटी ती गेली आणि लगेच आली. गाडगी रिकामी केली तर चुन्याच्या गाडग्याचा ढीग मोठा. एवढा मोठा, की मोजायला नको होतं. तरी तिनं मोजायला लावलं, नियम होता.

'ठराव मंजूर. मेंढरांना हौदावर पानी बंद. टाळ्या.'

मंजूर ठरावाला टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली पद्धत. पोरांनी वाजवल्या. तिनंही वाजवल्या. मग घंटा झाली आणि सगळी हात धुवायला पळाली. पंगतीत वर्षाराणी अभिमन्यूच्या शेजारी बसली होती, कारण त्याच्या मागोमाग तिचे हात धुवून झाले होते. त्यानं तिच्या ताटलीपाशी मिठाचा डबा सरकवला. दोघं जेवले.

मी सरांना वर्गाच्या खोलीत गाठलं. दार लावून घेतलं.

'सर, मोडा हा ठराव.'

'कोणत्या अधिकारानं?'

'मास्तर हायेत तुमी! पोरांचे धनी! जनावराला पानी तोडायचं पोरं ठरवत्यात आन् तुमी टाळ्या ऐकत बसता?'

'मास्तर म्हणून मोडता येतो, ताई,' ते म्हणाले. 'आज मी मोडीन. सोमवारी छडीचा ठराव केजवाले मोडतील. पंगतीचा गाव मोडंल. सगळे टपलेलेच हायेत.'

'आन् पोरीचं काय?'

ते टेबलावरचा खडू उचलून परत ठेवत होते. उचलून परत ठेवत होते.

'तुमचं काय म्हणणं हाय, सर? तुमचं?' मी विचारलं. मुद्दाम त्यांच्याच भाषेत.

'माझं म्हणणं मी गाडग्यात टाकलं,' ते म्हणाले. 'काळ्या. मला एकच मत हाय.'

माझा राग सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. त्या दिवशी तो आला नाही. मी त्याची वाट बघत उभी राहिले, खरंच. आत हात घालून चाचपावं तसं चाचपलं. काही लागलं नाही. मी दार उघडून बाहेर आले आणि गाडीला किक मारली.

म्हाळूनं दोन दिवस मेंढरं लांबच्या एका बोअरवर नेऊन बघितली. तिथल्या मालकानं पाणी दिलं, पण तोंड वाकडं करून. सोमवारी त्यांनी मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळली, घोड्यावर बोचकी लादली. सर मला नंतर फोनवर सांगत होते, एखादी नोटीस वाचून दाखवावी तसं. वर्षाराणी सकाळी परिपाठाच्या आधी आली. म्हणाली, महिना संपेपर्यंत सत्यमला अध्यक्ष करा, सहावीत तोच त्यातल्या त्यात नीट बोलतो. सर म्हणाले, थांब, तुझं हमी कार्ड करून देतो. स्थलांतर करणाऱ्या लेकरांना ते देतात, म्हणजे दुसरी कुठलीही शाळा नाही म्हणू शकत नाही. कार्डावर सही लागते, सहीवाले साहेब गावाला गेलेले. ती म्हणाली, 'राहू द्या सर. मेंढरं पुढं गेलीत.' आणि गेली.

'रडली का?' मी विचारलं.

'न्हाई.'

'तुमी?'

'न्हाई ताई. का बरं कुणास ठाऊक.'

पुढचा शनिवार. मी नव्हते, सरांनीच सांगितलं. सत्यम अध्यक्षाच्या जागी बसला आणि अध्यक्षानंच हात वर केला. कुणाला काय करावं कळेना, कारण अध्यक्षाला 'बोला' कोण म्हणणार? शेवटी धनश्री म्हणाली, 'बोल की.'

'फाटक आमी उघडं ठेवलतं,' सत्यम म्हणाला. 'मी, अभिमन्यूदादा, आन् आणखी तिघं.'

अभिमन्यू म्हणाला, 'आता कामून सांगतुस रे?'

'तवा सगळे गप होते म्हणून मीबी गप होतो. मला वाटलं, कुनीतरी बोलंल.'

'मलाबी तसंच वाटलं,' मागून एक जण म्हणाला. मग आणखी एक.

त्यांनी त्याच बैठकीत नवा ठराव केला. मेंढरांना पाणी द्यायचं, फाटकाला कडी बसवायची, वर्षाराणीला परत बोलवायचं. सगळे चिंचोके चुन्याच्या गाडग्यात पडले, एकही काळ्यात नाही. अभिमन्यूचाही नाही. सभेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. टाळ्या पडल्या. निरोप सरांनी न्यायचा, हेही ठरलं.

दुपारी सरांचा फोन. 'ताई, येता का? एकट्यानं जायला...'  मी नांदूरघाटच्या फाट्यावर उभी राहिले, ते आले, मी मागं बसले. हमी कार्ड त्यांच्या खिशात होतं, सहीचं.

पुढं जाण्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाला वाटायला नको. सभा अजून भरते. मी मागच्या महिन्यात जाऊन आले. सर गोलात बसतात, हात वर करतात, नाव पुकारलं की बोलतात. पोरं नीट बोलतात. पंगत अजून एकच आहे. दुसऱ्या तालुक्यातले मास्तर बघायला येतात आणि त्यांना बोलता येत नाही. सगळं चाललंय. सरांना पाहिलं की वाटतं, एखाद्याचा हात झोपेत अंगाखाली येऊन बधिर होतो, तसा आख्खा माणूस झालाय. हलतो, पण मुंग्यासुद्धा येत नाहीत. आणि मी तरी काय. मी त्यांच्याशी अजून भांडलेले नाही.

तर ती आम्हाला चौसाळ्याच्या अलीकडं सापडली. हायवेवरून खाली उतरलं की हरभरा काढून झालेलं एक वावर, त्यात मेंढरं. म्हाळू दगडावर बसून चिलीम साफ करत होता. रतनबाई चुलीपुढं. वर्षाराणी जाळीच्या खुंट्या ठोकत होती. शाळेचाच निळा ड्रेस, त्याच्या बाह्या दुमडलेल्या.

सरांनी गाडी लावली आणि उभ्यानंच ठराव सांगितला. शब्दन् शब्द, जसा झाला तसा. फाटकाचं सांगितलं. सत्यमचं सांगितलं.

रतनबाईनं फुंकणी खाली ठेवली. 'म्हंजी तुमच्या पोरांनी हाकललं, आन् आता तुमच्याच पोरांनी बोलावलं. आमी काय चेंडू हाव व्हय, सर? ह्या गड्याकडून त्या गड्याकडं?'

'पोरं चुकली, रतनबाई. कबूल झाली.'

'कबूल झाली. लई चांगली पोरं हायेत. मी कुठं न्हाई म्हनते.' ती माझ्याकडं वळली. 'आन् अक्का, तू तर तिथंच हुतीस.'

मी म्हणाले, 'मला बोलू दिलं न्हाई.'

'कुनी?'

मी वर्षाराणीकडं बघितलं. रतनबाईनंही बघितलं. मग तिनं परत फुंकणी उचलली.

म्हाळू म्हणाला, 'सर, वाईट वाटून घेऊ नका. पर आता ह्या मालकाला शब्द दिलाय. हितनं उठलो की गेवराईकडं, गंगंच्या पट्ट्यात, गोदावरीकाठाला. तिकडं हिरवं हाय. मागं फिरून जनावरांना काय घालू? तुमच्याकडचं सगळं चरून झालंय.'

सरांनी मान हलवली. त्यांचं म्हणणं काय ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. ते जाळीपाशी गेले. वर्षाराणीनं दगड खाली ठेवला.

'अध्यक्ष सत्यमच होता का?' तिनं विचारलं.

'हो.'

'शांत बसत्यात का त्याचं ऐकून?'

'बसतात. तुझ्या वेळंएवढी न्हाई.'

ती जरा हसली. सरांनी खिशातून कार्ड काढलं. 'हे जपून ठेव. जिथं थांबाल तिथल्या शाळेत दाखव. घ्यावंच लागतं.'

तिनं हात ड्रेसला पुसले, कार्ड घेतलं, वाचलं. स्वतःचं नाव बोटानं चाचपलं.

'गेवराईकडच्या शाळेतबी सभा असती का, सर?'

'बहुतेक नसंल,' सर म्हणाले. 'तशी कुठंच नसती.'

'मग जाईन मी शाळेत,' ती म्हणाली.

रागानं नाही. चिडून नाही. पाणी आहे म्हटल्यावर एखादा म्हणतो ना, मग थांबतो इथंच, तसं. तिनं कार्ड आईकडं नेऊन दिलं, परत आली, दगड उचलला आणि पुढची खुंटी ठोकायला घेतली. जमीन कडक होती. खुंटी आत जात नव्हती. सरांनी वाकून खुंटी धरली, तिनं ठोकली. दोघांनी मिळून उरलेली सगळी बाजू तशीच केली.

रतनबाईनं आम्हाला चहा दिला. आम्ही तो उभ्यानं प्यालो.